दाढकाकांचा बगळा

"एमेट, देवाने पाय चालायला दिलेत. हलवायला नव्हेत."

हे वाक्य कानावर पडलं तेव्हा एमेट लुंडक्विस्ट नऊ वर्षांचा होता. मिनेसोटातलं पांढरंशुभ्र गाव, बाहेर गुडघाभर बर्फ, पलीकडच्या कोठारात कुणीतरी फिडल वाजवायला घेतलेलं, आणि जेवणाच्या टेबलाखाली एमेटचा उजवा पाय त्याला न विचारता ताल धरू लागलेला. पाद्री असलेल्या वडिलांनी सूप पिता पिता, नजर वर न करता एवढंच म्हटलं. आवाज मोठा नव्हता. गोठलेल्या तळ्याला दूर कुठेतरी तडा जावा, तसा होता. पाय जागच्या जागी थांबला आणि पुढे चाळीस वर्षं थांबलेलाच राहिला. स्वतःच्या लग्नात थांबला. युद्ध संपलं त्या दिवशी सगळं शहर रस्त्यात नाचत होतं, तेव्हा हा माणूस फुटपाथवर उभा राहून नाचणाऱ्यांच्या टोप्या सांभाळत होता.

अशा माणसाला १९६२ सालच्या मार्च महिन्यात कुणीतरी नाचाचा सिनेमा काढायला सांगितलं.

तसा एमेट सिनेमेच काढायचा. पण ते शाळांसाठी. लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडच्या खोऱ्यात, ऑरेंज होलो नावाच्या वसाहतीत त्याचं घर होतं. संत्र्याची सगळी झाडं तोडून ती वसाहत वसवली होती आणि आठवण म्हणून फक्त नाव ठेवलं होतं. तिथल्या आपल्या नीटनेटक्या घरातून, गळ्यात नीटनेटका बो-टाय बांधून, एमेट रोज कामाला जाई आणि नीटनेटके बोधपट काढी. दात घासण्यावर सात, रस्ता ओलांडण्यावर चार आणि 'आपला मित्र, गाजर' या विषयावर एक. त्यातल्या दातांच्या एका बोधपटात ऐन वेळी नट आजारी पडला, म्हणून एमेटने स्वतःच पांढऱ्या लोकरी कापडाची दाढ अंगावर चढवली आणि 'दाढकाका' म्हणून मुलांना चार हिताच्या गोष्टी सांगितल्या. तो बोधपट इतका चालला, की दर सप्टेंबरात खोऱ्यातल्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक वर्गात दाखवला जाऊ लागला.

मार्लिसच्या वर्गातही.

मार्लिस ही एमेटची एकुलती एक मुलगी, वय वर्षं सोळा. शाळेत तिला 'दाढेची पुतणी' म्हणत. तिने तक्रार कधी केली नाही. पण गेल्या वर्षापासून ती शाळेच्या एक गल्ली अलीकडेच गाडीतून उतरू लागली. "इथेच सोड, डॅडी. चालायला बरं वाटतं," ती म्हणायची आणि पळतच सुटायची. चालायला बरं वाटणारी माणसं अशी पळत नाहीत, एवढं एमेटला कळत होतं. घरात ती त्याच्याशी बोले ते मीठ दे, दार लाव, एवढंच. एमेटने यावर पुष्कळ विचार केला होता. कीर्ती नको होती, मोठी गाडी नको होती. एकदा, फक्त एकदा, मार्लिसने कुणी न सांगता, आपल्या पायांनी जाऊन, तिकीट काढून त्याचा सिनेमा बघावा, एवढीच त्याची इच्छा उरली होती. गाजरावरच्या सिनेमाने ती पुरी होणार नव्हती.

म्हणून बड टॉलिव्हरचा फोन आला तेव्हा तो "नाही" म्हणाला नाही.

टॉलिव्हर हा टेक्सासचा. गाडीत बसून सिनेमा बघायची अकरा उघडी मैदानं त्याच्या मालकीची होती. मैदान त्याचं, पडदा त्याचा, सॉसेजचा गाडा त्याचा. मग त्यावर दाखवायला दुसऱ्याचा सिनेमा कशाला, म्हणून तो अधूनमधून स्वतःच एखादा काढे. पॉपकॉर्नच्या गोदामामागे त्याची कचेरी होती. तिथे त्याने एमेटसमोर एक भलंमोठं पोस्टर उलगडलं.

पोस्टरवर एक मुलगी एका पायावर उभी होती. शेजारी गिटारवाला मुलगा. मागे धडधडून पेटलेला ज्वालामुखी. आणि लाल अक्षरं: 'बगळा! सगळा देश एका पायावर!' खाली तारीख: तेरा एप्रिल, ईस्टरच्या सुट्टीचा पहिला दिवस.

"छान आहे," एमेट म्हणाला. "सिनेमा कुठे आहे?"

"तो तू काढायचास. पंचवीस दिवस आहेत."

"पण पोस्टर तर छापून झालंय."

टॉलिव्हरने त्याच्याकडे दयेने पाहिलं. "दातवाले, तुमच्या शाळांत काय पद्धत आहे मला ठाऊक नाही. आमच्यात पोस्टर आधी. पोस्टर बघून थेटरवाले तारीख देतात, तारीख मिळाली की सिनेमा काढायचा. आधी सिनेमा काढून बसलो आणि मग कुणी विचारलंच नाही, तर?"

"आणि कथा?"

"पोस्टरवर आहे ना! मुलगी आहे, मुलगा आहे, डोंगर पेटलाय. मधल्या जागा भर."

"डोंगर का पेटलाय?"

"गेल्या साली बेटावरच्या राक्षसाचा सिनेमा काढणार होतो. राक्षस परवडला नाही. ज्वालामुखी रंगवून झाला होता. फुकट घालवू?"

एमेटने बो सारखा केला. "टॉलिव्हर, मी नाचातलं काही जाणत नाही. हा बगळा म्हणजे..."

"बगळा माहीत नाही?" टॉलिव्हर इतक्या मोठ्याने ओरडला, की गोदामात पॉपकॉर्नची एक रास खाली आली. "अरे, पोरं वेडी झालीत! गेल्या शनिवारी माझ्या मैदानात, या डोळ्यांनी पाहिलं, मी गाडीत होतो. एक पोरगी एका पायावर उड्या मारतेय, हात असे पंखांसारखे, आणि भोवती पंधरा पोरं तस्संच करतायत. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टर छापायला टाकलं. रविवारी छापखाना उघडायला लावला मी! आणखी कुणाला सुचायच्या आत."

एमेटने त्या क्षणी विचारायला हवं होतं की ती पोरगी कोण, पोरं कोण. त्याने विचारलं ते असं: "सोळा वर्षांच्या मुलींना हा सिनेमा आवडेल?"

"त्यांच्यासाठीच आहे!"

झालं. ठरलं.

घरी येऊन त्याने बायकोला, व्हर्नाला, सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "मार्लिसला कळता कामा नये. माझा आहे म्हटलं की ती यायची नाही. आधी बघू दे, आवडू दे, मग सांगेन." मार्लिसला असं सांगितलं गेलं, की डॅडी सध्या पायांच्या निगेवर बोधपट काढतायत. "बरं," ती म्हणाली आणि मीठ मागितलं.

आता बगळा शिकणं आलं. एमेट हा अभ्यासू माणूस. गाजरावर काढायच्या आधी त्याने महिनाभर गाजरांचा अभ्यास केला होता. तो सरळ शेजारी गेला.

फर्न ॲपलगेटबाई डोक्याला कुरळ्यांच्या नळ्या लावून हिरवळीला पाणी घालत होत्या. "बगळा? अगं बाई, तुम्हाला आत्ता कळतंय?" त्या म्हणाल्या. "न्यूयॉर्कात तर जुना झालासुद्धा!" आणि पाण्याच्या नळीसकट त्यांनी दोन्ही कोपरं फडफडवून दाखवली. एमेट कोरडा राहिला नाही.

पलीकडच्या घरात मिलो ड्रॅगोविच राहायचा. हा निवृत्त खाटीक. एकदा कुठल्याशा काउबॉयच्या सिनेमात गर्दीत उभा राहिला होता, तेव्हापासून सगळं खोरं सिनेमाचा सल्ला मागायला त्याच्याकडे जातं, असं त्याचं मत होतं. "बगळा हा आमचा नाच," तो म्हणाला. "डालमेशियाचा. माझी आजी लग्नात करायची. चोरला तुमच्या पोरांनी. हे बघ!" तो उकिडवा बसला, एक पाय पुढे फेकला आणि तिथेच राहिला. त्याला उठवायला एमेटला व्हर्नाला हाक मारावी लागली. पोस्टमन म्हणाला, बगळ्यात मान महत्त्वाची. लाँड्रीवाल्याने मान अजिबात हलवायची नाही असं बजावलं. संध्याकाळपर्यंत एमेटच्या वहीत बगळ्याच्या सहा जाती जमा झाल्या. सहापैकी एकही माणूस "मला ठाऊक नाही" म्हणाला नव्हता. प्रत्येकाला एमेटने मार्लिसला न सांगण्याची शपथ घातली. त्यामुळे गुपित आता गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत पोहोचलं होतं.

शेवटी तो टॉलिव्हरच्या मैदानावरच गेला. पॉपकॉर्नच्या खिडकीत लूसिल नावाच्या बाई होत्या. वीस वर्षं त्यांनी त्याच खिडकीतून जग पाहिलं होतं.

"गेल्या शनिवारचा नाच ना?" लूसिलबाई म्हणाल्या. "नाच कसला डोंबलाचा! मालकांनी नवं डांबर टाकून घेतलं, ते सुकलं नव्हतं. त्या पोरीची चप्पल चिकटली. ती एका पायावर उड्या मारत चप्पल ओढतेय आणि बाकीची कार्टी तिची नक्कल करतायत. मीच शेवटी लोणी लावून सोडवली ती."

एमेट धावतच गोदामामागे गेला. "टॉलिव्हर! बगळा नावाचा नाच नाहीच जगात!"

टॉलिव्हरने सिगार बाजूला ठेवला. मग म्हणाला, "सहा हजार पोस्टरं लागलीत, दातवाले. नाच नसेल तर आण."

तर अशा रीतीने, ज्याच्या पायाला चाळीस वर्षं ताल ठाऊक नव्हता, त्या माणसावर अमेरिकेला नाच शिकवायची पाळी आली.

तीन दुपारी एमेट गॅरेजमध्ये कोंडून घेऊन उभा होता. खिडकीला वर्तमानपत्र लावलं, गाडी बाहेर काढली, बो सैल केला. एका पायावर उभा राहिला. पुढे काय? रेडिओ लावून पाहिला, पण त्यातलं संगीत त्याच्या कानापर्यंत येई आणि तिथूनच परत जाई. त्याच्या अंगात एकच ताल होता, तो धंद्याने मुरवलेला. दुसऱ्या दुपारी तो आपोआप बाहेर आला. हात वर-खाली जाऊ लागला, मग आत-बाहेर, आणि ओठांवर दाढकाकांचं जुनं गाणं आलं, जे त्याने स्वतःच सात बोधपटांसाठी लिहिलं होतं:

*वर-खाली, वर-खाली, दाढेमागं फेर धरा,*
*डावीकडं, उजवीकडं, मान मागं, चूळ भरा!*

'चूळ भरा'ला मान अशी मागे पडली, की बो सुटून खाली आला. एमेट थांबला. पाय अजून एका जागी उड्या मारत होता. रिकाम्या गॅरेजात तेलाच्या डब्यांमध्ये, खुरप्यांमध्ये, मागच्या नाताळच्या दिव्यांमध्ये एक उंच, सडपातळ, चष्मेवाला माणूस एका पायावर उडत होता, आणि त्याला, खोटं कशाला सांगा, बरं वाटत होतं. जोंधळ्यावर वारा यावा तसं काहीसं अंगातून गेलं. त्याने पुन्हा केलं. तिसऱ्या दुपारी तर त्याने उजव्या पायावरून डाव्यावर जायची एक गिरकीही बसवली.

नाच झाला, आता परवानगी. तरुणांचे सिनेमे तेव्हा 'खोरे पालक सुनीती मंडळा'च्या ओपल हेव्हर्टीबाईंनी पाहिल्याशिवाय खोऱ्यात दाखवता येत नसत. असा काही कायदा नव्हता. पण हेव्हर्टीबाई होत्या. त्यांच्या टेबलावर शिंप्याची टेप होती आणि एक छापील अर्ज: नाचाचे नाव, नाचणाऱ्यांमधील अंतर, कंबरेचा प्रवास इंचांत.

"करून दाखवा," बाई म्हणाल्या.

"मी?"

"नाचणाऱ्या पोरी मी कचेरीत येऊ देत नाही."

एमेटने नाच केला. बाई त्याच्याभोवती टेप घेऊन फिरल्या. एकदा फिरल्या, चष्मा पुसून पुन्हा फिरल्या.

"शून्य," त्या हळूच म्हणाल्या. "कंबर हललीच नाही."

"आमच्या घराण्यात हलत नाही," एमेट नम्रपणे म्हणाला.

"सहा वर्षांत पहिल्यांदा शून्य लिहितेय मी! परवाचा तो एक नाच साडेअकरा इंच भरला, मला पडून राहावं लागलं." त्यांनी शिक्का मारला: 'सहकुटुंब पाहण्यास उत्तम.' मग दाराची कडी लावली, पदर खोचावा तसा झग्याचा घोळ सावरला आणि म्हणाल्या, "ते चूळ भरायचं पुन्हा एकदा दाखवा बघू."

ज्वालामुखीचा परवाना मात्र असा सुखासुखी मिळाला नाही. बंबखात्याच्या कारकुनाने अर्ज उलटसुलट केला. "उघड्यावरची आग म्हणजे शेकोटी, आतषबाजी किंवा मांस भाजणं. ज्वालामुखी कशात घालू?"

"खोटा आहे हो. तारेची जाळी आणि प्लास्टर."

"आग खरी आहे ना? मग मांस भाजण्यात बसवतो. मांस असेल ना?"

"ज्वालामुखीत?"

"मांस नसेल तर मांस भाजण्याचा परवाना कसा देऊ, साहेब? तपासणीला माणूस येईल आमचा."

हे ऐकून ड्रॅगोविचचं तारुण्य परत आलं. बारा फुटी ज्वालामुखी त्यानेच बांधला होता. त्याच्या तोंडात, शेगडीवर, त्याने चाळीस सॉसेज पद्धतशीर लावली. "सिनेमात अस्सलपणा पाहिजे," तो म्हणाला.

चित्रीकरण सहा दिवसांचं, टॉलिव्हरच्याच रिकाम्या मैदानात, भरदिवसा. जागा फुकट होती. आवाज भरायला जास्त खर्च येतो, म्हणून सगळं मुकं काढायचं आणि गाणी मागाहून चिकटवायची, असं ठरलं. त्यामुळे वीस पोरं-पोरी उन्हात संगीताशिवाय नाचत होती आणि एमेट कर्ण्यातून ओरडत होता, "वर-खाली! वर-खाली! दाढेमागं फेर धरा!" नायक होता टॉलिव्हरचा पुतण्या चेट. दिसायला देखणा, पण त्याला एका पायावर उभंच राहता येईना. शेवटी ड्रॅगोविच जमिनीवर पालथा पडला आणि चेटचा घोटा धरून राहिला. कॅमेरा वरच्या वर ठेवायचा असं ठरलं होतं. तरी एका प्रसंगात नायकाच्या पायापाशी एक केसाळ हात दिसतो, त्यावर गोंदलेलं 'मदर' वाचता येतं.

शेवटच्या दिवशी ज्वालामुखी. बंबखात्याचा माणूस खुर्ची टाकून बसला. बगळा सुरू झाला, शेगडी पेटली, धूर आला. मग चाळीस सॉसेजची चरबी एकदम आगीत उतरली. असा भडका उडाला, की शेजारच्या झाडांवरचे कावळे आजतागायत परतले नसतील. पहिलं सॉसेज कॅमेऱ्यावरून गेलं. दुसरं टॉलिव्हरच्या टोपीत पडलं. बंबवाला उठला, कर्तव्याला जागला, आणि त्याने आधी डोंगर, मग नायिका, मग उरलेले सगळे, असा पाण्याचा फवारा सोडला.

"थांबू नका!" एमेट कर्ण्यातून किंचाळला. हा आवाज आपला आहे हे त्यालाही उशिरा कळलं. "एका पायावर! चूळ भरा!"

आणि पोरांनी भरली. वर आग, खाली चिखल, मध्ये भिजलेले वीस बगळे माना मागे टाकून उभे. टॉलिव्हर टोपीतलं सॉसेज खात म्हणाला, "पाऊस कुठून आणलास, दातवाले? फुकट?"

इथवर जे झालं ते एमेटच्या समजुतीच्या आतलं होतं. पुढचं नव्हतं.

सिनेमा जोडून व्हायला अजून आठवडा होता. एका सकाळी मार्लिसला नेहमीच्या गल्लीत सोडून तो वळला, तर कोपऱ्यावर सातआठ पोरं बसची वाट बघत उभी. एका पायावर. हात वर-खाली, आत-बाहेर, डावीकडे, उजवीकडे, आणि मान मागे! एमेटची गाडी कुणाच्या तरी टपालपेटीला टेकून थांबली. नाचणारी वीस पोरं हॉलीवूडची होती, त्यांना तेरा तारखेपर्यंत तोंड बंद ठेवायची ताकीद होती. मग हा नाच इथे आला कुठून?

संध्याकाळी त्याने अगदी सहज विचारलं, "मार्लिस, ही मुलं एका पायावर काय करतात?"

"बगळा. तुला नाही कळायचं, डॅडी. बेकर्सफील्डहून आलाय."

"बेकर्सफील्डहून?"

"तिकडच्या मुलांनी काढला. तिकडची मुलं फार पुढे आहेत."

एमेटने न राहवून स्वयंपाकघरात एक पाय उचलला. हात फिरवला. मार्लिसने डोळे मिटले. "असं नव्हे. डावा हात आधी. आणि खांदे सैल सोड, कपाट उचलल्यासारखे काय धरलेस? जाऊ दे. तू पायांच्या निगेचं बघ." व्हर्ना भांडी घासता घासता सिंकमध्ये वाकली. तिचे खांदे बराच वेळ हलत होते.

त्या रात्री एमेटला झोप आली नाही. आपलाच नाच आपल्याला येत नाही असं आपलीच मुलगी म्हणते, यावर कुठल्या बोधपटात उपाय सांगितलेला नव्हता. फर्नबाईंनी कुंपणावरून समजावलं, "मनाला लावून घेऊ नका. या गोष्टी वयातच यायला लागतात." टॉलिव्हरला कळवलं तर तो फोनवर गरजला, "म्हटलं नव्हतं? पोरं वेडी झालीत म्हणून! मी बघितलं तेव्हाच ओळखलं होतं!" लूसिलबाई, डांबर, लोणी, सगळं तो विसरून गेला होता, किंवा विसरणं त्याला परवडत होतं.

आणि मग नावांची पाटी आली. 'दिग्दर्शन: रेक्स व्हॅलन्स.'

"हा कोण?" एमेटने विचारलं.

"तू. लुंडक्विस्ट नाव वाचून माणूस दात दाखवायला येईल, नाचायला नाही."

"निदान खाली कुठेतरी, बारीक अक्षरांत..."

"जागा संपली."

खाली बारीक अक्षरांत होतं: 'सॉसेज: एम. ड्रॅगोविच.' एमेटने ते दोनदा वाचलं. मग टोपी घालून घरी आला. व्हर्नाला म्हणाला, "बरंच झालं. आता तिला सांगायलाच नको. तिने बघितला, की झालं." व्हर्नाने त्याच्या ताटात बटाटे जरा जास्त वाढले.

तेरा एप्रिलला सूर्य मावळतीला आला, तेव्हा टॉलिव्हरच्या मैदानाबाहेर गाड्यांची रांग मैलभर गेली होती. एमेट आणि व्हर्ना आपल्या लांब गाडीत मागच्या ओळीत बसले. तांबडं आकाश, पुढे पांढरा पडदा, खिडकीला अडकवलेला, सिनेमाचा आवाज देणारा कर्कश भोंगा. आणि चार ओळी पुढे एका उघड्या गाडीत पाच मुलींमध्ये मार्लिस. तिने खिडकीपाशी जाऊन, पर्स उघडून, स्वतः तिकीट काढताना एमेटने पाहिलं होतं. त्याने व्हर्नाचा हात इतका घट्ट धरला होता, की तिला अंगठी काढून ठेवावी लागली.

सिनेमा सुरू झाला. कथा कुणाला कळली नाही, कळायला ती नव्हतीच. गाणी ओठांशी जुळत नव्हती. ड्रॅगोविचचा हात दिसला, तेव्हा मैदानात कुठेतरी ड्रॅगोविचनेच टाळ्या वाजवल्या. पण बगळा सुरू झाला आणि एकेका गाडीचं दार उघडलं. पोरं उतरली, पोरी उतरल्या. बघता बघता सगळं मैदान एका पायावर उभं होतं, भोंग्यांच्या खांबांमधून हात वर-खाली होत होते, आणि 'चूळ भरा'ला शेकडो माना एकदम मागे पडल्या. माळावर पाखरांचा थवा उतरावा आणि एकाच वेळी चोची वर कराव्यात, तसं. हेव्हर्टीबाई चौथ्या ओळीत होत्या. त्यांची कंबर शून्याहून किंचित अधिक हलत होती.

"सांग तिला," व्हर्ना म्हणाली.

"नको. तिला आवडलंय ना? माझा आहे कळलं तर सुट्टीनंतर शाळेत पुन्हा दाढेची पुतणी. राहू दे रेक्स व्हॅलन्सचा." तो हसला, पण चष्मा पुसायला त्याला जरा जास्त वेळ लागला.

मध्यंतर झालं. गाडीचं दार उघडलं आणि मार्लिस आत बसली. पुढे, त्याच्या शेजारी. व्हर्ना म्हणाली, "मी पॉपकॉर्न आणते," आणि उतरून चालू लागली. तिला पॉपकॉर्न आवडत नाही.

"कसा वाटला?" एमेटने विचारलं, हवापाण्याबद्दल विचारावं तसं.

"गोष्ट भिकार आहे."

"हं."

"आणि ज्वालामुखीत सॉसेज कशाला?"

"त्याशिवाय परवाना देत नव्हते," एमेट म्हणाला. आणि मग आपण काय बोललो ते कळून त्याने दोन्ही हातांनी चाक धरलं.

मार्लिस हसली नाही. तिने पर्सची कडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"डॅडी, बेकर्सफील्डला मी कुणाला ओळखत नाही."

एमेटने वळून पाहिलं.

"गॅरेजच्या खिडकीवरचा पेपर एका कोपऱ्याला सुटला होता. शाळेतून आले, तर तू आत होतास. पहिल्या दिवशी मी इतकी हसले की तोंडात रुमाल कोंबावा लागला. दुसऱ्या दिवशी माझाच पाय उचलला गेला. तिसऱ्या दिवशी सगळा पाठ झाला, आणि मी तो शाळेत नेला. दाढकाकांचा आहे म्हटलं असतं तर एकानंही पाय उचलला नसता. म्हणून म्हटलं, बेकर्सफील्ड." चार ओळी पुढून मैत्रिणी तिला हाका मारत होत्या, तिने तिकडे बघितलं नाही. "म्हणजे तिकीट काढलं ना मी, तेव्हा मला माहीत होतं सिनेमा कुणाचा आहे ते."